हवेचे वावडे असलेले जंतू

मुंबई-अहमदाबाद महामार्ग वरसाव्याला वसईची खाडी ओलांडतो. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांशी काळा चिखल उघडा पडतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. चिखलाच्या वरच्या पातळ थराखाली प्राणवायू पोचत नाही. तिथले जीवाणू खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन चालवतात आणि हा वायू बाहेर टाकतात. त्यांना विनॉक्सी जीवाणू म्हणतात. त्यांतल्या अनेकांना प्राणवायू विषासारखाच असतो.

विनॉक्सी जीवाणूंची दाट वस्ती आपल्या मोठ्या आतड्यातही आहे. तिथे ते पचन न झालेला चोथा फोडतात, आपल्याला उपयोगी पडतात. पण अपेंडिक्स फुटून हेच जीवाणू पोटाच्या पोकळीत उतरले की पू धरतो. हिरड्यांचे आजार आणि फुप्फुसातले गळू यांतही त्यांचा हात असतो. मेट्रोनिडॅझोल हे औषध अशा वेळी कामी येते.

मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम कुळाची गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रतिकूल काळात हे जीवाणू टणक बीजाणू बनून वर्षानुवर्षे पडून राहतात. उकळत्या पाण्यालाही ते सहजी दाद देत नाहीत. वायुकोथ, बॉट्युलिझम आणि धनुर्वात हे याच कुळातल्या जंतूंचे रोग. धनुर्वाताचा बीजाणू काट्याने किंवा खिळ्याने झालेल्या खोल, अरुंद जखमेत शिरतो. मेलेल्या पेशींमुळे तिथे प्राणवायू संपलेला असतो. बीजाणू रुजतो आणि विष तयार करतो. हे विष मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढते आणि स्नायूंना सैल करणारे संदेश अडवते. आधी दातखीळ बसते, मग पाठ धनुष्यासारखी वाकते. रुग्ण शुद्धीवर असतो, प्रत्येक झटका त्याला जाणवतो. खिळा गंजलेला असला तरच धोका, ही समजूत चुकीची. धोका मातीचा आणि जखमेच्या खोलीचा.

मुंबईच्या विज्ञानाला धनुर्वाताच्या जंतूने मोठा घाव घातला. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस १८९७ च्या जानेवारीत स्वतःला टोचून घेतली होती. परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतली लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे उलगडले ते असे : बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न होताच बुचाला लागला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्याच संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले.

पुढे मुंबईतच डॉ. फारुख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या अत्यवस्थ रुग्णांवर अतिदक्षता उपचारांचा पाया घातला. श्वासनलिकेला छेद, कृत्रिम श्वसन आणि अहोरात्र शुश्रूषा यांच्या बळावर मरणाच्या दारातले रुग्ण परत येऊ लागले. तरीही खरी ढाल लसच. अस्वच्छ पात्याने नाळ कापल्याने तान्ह्या बाळांना धनुर्वात होई. गरोदर मातांचे लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, आणि २०१५ मध्ये भारताने माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन साधले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांनी लस घेतल्याने आपले रक्षण होत नाही. धनुर्वातातून वाचलेल्यालाही पुन्हा होऊ शकतो, कारण आजार घडवणारे विष इतके अल्प असते की शरीरात प्रतिकारशक्ती तयार होत नाही. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस मिळते. पुढे बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात व घटसर्पाची लस. त्यानंतर बहुतेकांना विसर पडतो. शेतकरी, कोळी, बांधकाम मजूर आणि घरातले वृद्ध यांनी दर दहा वर्षांनी टीडी घ्यावी. जखम झाली तर ती साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवावी, हळद किंवा माती चोपडू नये, आणि लगेच दवाखाना गाठावा.

देवीचा रोग जगातून गेला, कारण त्याच्या विषाणूला माणसाखेरीज दुसरे घर नव्हते. धनुर्वाताचे घर मातीत आहे, तो जाणार नाही. जन्मणाऱ्या प्रत्येक पिढीला आपण ही लस पुन्हा दिली पाहिजे.