प्रथिनं वाढवली, तरी डुक्कर का वाढत नाही?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाईडसमोर एक आराखडा ठेवला होता. वाढत्या डुकरांच्या खाद्यात प्रथिनं वाढवायची आणि वजन किती वाढतं ते मोजायचं. त्यांनी एवढंच विचारलं, "यातलं लायसिन किती?" मी गप्प बसले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

खाद्याच्या पोत्यावर "क्रूड प्रोटीन 16 टक्के" लिहिलेलं असतं. तो आकडा खाद्यातला नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणून काढतात. त्यात कोणतं अमिनो आम्ल किती आहे, हे त्यावरून कळत नाही. डुकराला मात्र नेमकी तीच गरज असते.

माळ ओवताना लाल मणी संपले की ठरलेली नक्षी तिथेच थांबते, बाकीचे मणी कितीही उरले तरी. स्नायू बनतानाही तसंच होतं. धान्यावर आधारलेल्या खाद्यात सर्वात आधी कमी पडणारा मणी म्हणजे लायसिन. उरलेली अमिनो आम्लं शरीर साठवून ठेवत नाही. त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे जातो आणि गोठ्यात अमोनियाचा वास सुटतो. म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेलं प्रथिन आपण अक्षरशः वाहून घालवतो. वराहपालनात निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो, त्यामुळे हे नुकसान लहान नाही.

आता हिशेब बघू. मक्यात लायसिन सुमारे 0.25 टक्के, सोयाबीन पेंडीत 2.8 टक्क्यांच्या आसपास. 1000 किलो खाद्यातली 50 किलो पेंड काढा, त्याजागी 48.5 किलो मका आणि 1.5 किलो लायसिन हायड्रोक्लोराइड घाला. पचणारं लायसिन जवळपास तेवढंच राहतं, क्रूड प्रोटीन मात्र साधारण दीड टक्क्याने उतरतं. पण हे कितीही ताणता येत नाही. पुढे थ्रिओनिन, मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन कमी पडू लागतात आणि माळ पुन्हा अडते.

गरजही वयानुसार बदलते. अमेरिकेच्या एनआरसीच्या 2012 च्या तक्त्यात 25 ते 50 किलोच्या डुकरासाठी पचणारं लायसिन 0.98 टक्के आहे, 75 ते 100 किलोसाठी 0.73. म्हणून टप्प्याटप्प्याने खाद्य बदलायचं. हे आकडे झपाट्याने वाढणाऱ्या जातींचे आहेत. आपल्या संकरित किंवा गावठी डुकरांना ते जसेच्या तसे लावू नका.

माझ्या आराखड्यात आणखी एक चूक होती. 24 डुकरं, 6 कप्पे, दोन खाद्यं. मी लिहिलं होतं, प्रत्येक खाद्याला 12 नमुने. पण एका कप्प्यातली चार डुकरं एकाच भांड्यात खातात. कोणी किती खाल्लं, कसं सांगणार? किलोभर वजनवाढीला किती खाद्य लागलं, हे इथे कप्प्यापुरतंच मोजता येतं. म्हणजे नमुने 12 नव्हे, फक्त 3! शिवाय खाली सांडलेलं खाद्य वजा केलं नाही, तर चांगलं खाद्यही वाईट ठरतं.

तेव्हा प्रयोग आखायच्या आधी दोन ओळी कागदावर लिहा: खाद्यात आधी काय कमी पडणार आहे, आणि माझा एक नमुना म्हणजे नेमकं काय. ही उत्तरं येईपर्यंत एकही पोतं उघडू नका.