तापाचं इंजेक्शन, गोठ्यातलंही

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंविरुद्धच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचा दुसरा टप्पा (२०२५-२९) १८ नोव्हेंबर २०२५ला दिल्लीत जाहीर झाला. बातमी सगळ्यांनी वाचली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात या आराखड्याचा कस लागेल तो पांढरट भुकटीच्या एका कुपीवर. तिचं नाव सेफ्ट्रियाक्सोन.

सेफॅलोस्पोरिन कुळातल्या तिसऱ्या पिढीचं हे इंजेक्शन. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सहा ते नऊ तास लागतात, त्यामुळे टायफॉइड, न्यूमोनियात दिवसातून एकदा दिलं तरी भागतं. मेंदूज्वरात मात्र दर १२ तासांनी २ ग्रॅम लागतं. अकोले किंवा पाथर्डीसारख्या तालुक्यातून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्याआधी दिलेला पहिला डोस जीव वाचवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने ते जपून वापरायच्या ‘वॉच’ गटात ठेवलंय. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून ते एच-१ अनुसूचीत आहे, म्हणजे मेडिकलवाल्याने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची.

तरीही साध्या तापाला ‘डॉक्टर, हेवी इंजेक्शन द्या’ हा आग्रह सुटत नाही. डेंग्यू, फ्लूवर ते काहीच करत नाही. स्क्रब टायफसलाही डॉक्सिसायक्लिन लागतं, हे नाही. टायफॉइडमध्ये ते उत्तम, पण ताप उतरायला चार-सहा दिवस जातात. तिसऱ्या दिवशी धीर सुटतो, डॉक्टर बदलतो, औषध बदलतं. विडाल या टायफॉइडच्या रक्तचाचणीच्या एका रिपोर्टवर सगळं ठरवण्यापेक्षा पहिल्या डोसआधी रक्ताचं कल्चर पाठवणं कधीही शहाणपणाचं. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला, तेव्हा पोटात घ्यायचं अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेमसारखी महागडी इंजेक्शनं एवढाच आधार उरला होता.

पण या जिल्ह्यात डॉक्टरांचा दवाखाना हा गोष्टीचा अर्धा भाग झाला. संगमनेर, राहुरी, कोपरगावच्या गोठ्यांत हेच औषध गायीच्या मानेत टोचलं जातं. कासेला दगडी म्हणजे कासदाह झाला, सड सुजला, दुधात गाठी आल्या की सेफ्ट्रियाक्सोन आणि टॅझोबॅक्टमची कुपी येते. माणसाची कुपी बहुधा १ ग्रॅमची, गायीची ३ किंवा ४ ग्रॅमची. कासदाह ई-कोलायमुळे आणि सौम्य असेल तर पुष्कळदा प्रतिजैविकाशिवायही बरा होतो. स्टॅफिलोकॉकस जुना मुरलेला असेल तर भारी इंजेक्शनही हरतं. कोणता जंतू आहे ते दुधाचा नमुना तपासल्याशिवाय कळत नाही, आणि नमुना सहसा कोणी घेतच नाही.

इंजेक्शन दिलेल्या गायीचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळं काढायला हवं. उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश पूर्ण जात नाही. अशा दुधाला कधी कधी विरजणच लागत नाही, कारण दही लावणारे जिवाणूही त्या अंशाने मरतात. शिवाय या औषधाची रेणूरचनाच तोडणारी विकरं ज्या जिवाणूंकडे असतात, ते गोठ्यात वाढले तर शेणातून पाण्यात आणि माणसांच्या आतड्यात जाऊ शकतात. देशातल्या मोठ्या रुग्णालयांतल्या ई-कोलायपैकी बहुतांश आज तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनला जुमानत नाहीत.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. दिवसाला १५ लिटर देणाऱ्या गायीचं दूध पाच दिवस बाजूला काढायचं म्हणजे ७५ लिटरवर पाणी सोडायचं, तेही कर्जाचा हप्ता चालू असताना. दूध संकलन केंद्रावर दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), औषधाच्या अंशावर नाही. प्रतिजैविकाचा अंश दाखवणाऱ्या पट्ट्या बाजारात मिळतात. दूध संघांनी केंद्रावरच ही तपासणी सुरू करावी, स्वच्छ दुधाला वाढीव दर द्यावा आणि आजारी गायीच्या वेगळ्या काढलेल्या दुधाची काही भरपाई द्यावी. कासदाहाच्या नमुन्याचं कल्चर तालुक्यातच आणि फुकट व्हावं. आराखड्याचा पैसा आधी इथे यायला हवा.