खडखड कुठून येते?

जुन्या हॅचबॅकचा आवाज शोधताना आधी डिकी रिकामी करा. सैल जॅक, पाने आणि स्टेपनी यांनी भल्याभल्यांना फसवले आहे. मग काचा वर, रेडिओ बंद आणि गाडी खराब रस्त्यावर.

● बारीक खड्ड्यांवर खट-खट : स्टॅबिलायझर बारची लिंक किंवा तिचे बुश.
● ब्रेक मारताच एकच ‘ठक’ : लोअर आर्मचे बुश झिजलेले.
● गतिरोधकावर कुरकुर : रबर कोरडे किंवा तडकलेले.
● उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना ‘टंग’ : स्ट्रटच्या वरचे माउंट किंवा बेअरिंग.
● पूर्ण वळणावर कट-कट : हा दोष सस्पेन्शनचा नव्हे, ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला.

हाताने तपासणी : बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी दोनपेक्षा जास्त वेळा डोलली, तर शॉकअप थकले. पुढचे चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. ३ आणि ९ वर खेळ असेल तर बहुधा टाय रॉड एंड. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

बदलताना : शॉकअप जोडीनेच बदला. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर नवे रबर पिळले जाऊन लवकर फाटते. शेवटी अलाइनमेंट करून घ्या.

कुरकुर काही दिवस चालेल. सैल बॉल जॉइंट मात्र एक दिवसही चालवू नका. तो निसटला की चाक आडवे होते.