सायलेन्सर आधी टांगा, मग आवळा

गाडीखालचा सायलेन्सरचा पाइप तडकला की उपाय ठरलेला असतो. गाडी वर घ्यायची, चिरेवर वेल्डिंग मारायचे, आवाज थांबला की काम झाले. पुढे त्याच टाक्याच्या शेजारी नवी चीर पडते आणि दोष गंजाला किंवा हलक्या पत्र्याला दिला जातो. गंज खराच आहे, विशेषतः कोकणच्या खाऱ्या हवेत. पण एकाच जागी पुन्हापुन्हा तडा जात असेल, तर तिथे पाइप कायमचा ताणलेला आहे अशी शंका घ्यायला हवी. हा ताण अनेकदा आधीच्या दुरुस्तीतच आलेला असतो. एकेक सांधा जोडला तसा पक्का आवळत गेले, की पुढच्या सांध्यातली चूक मागे सरकत जाते आणि शेवटचा पाइप ओढून-दाबून जागेवर बसवावा लागतो.

यावर नेहमीचे उत्तर असे, की सायलेन्सर रबरांवर लटकतो, पुढे जाळीचा लवचीक पाइप असतो, थोडे वाकडे बसले तर ते सांभाळून घेतील. पण ती लवचीकता कशासाठी ठेवली आहे ते पाहा. इंजिन स्वतः रबरी माउंटिंगवर असते आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की डोलते; आडव्या इंजिनाच्या गाडीत हे डोलणे पुढे-मागे, म्हणजे पाइपाच्याच दिशेने होते. त्यात उष्णतेची भर. पोलाद एका अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १२ भाग प्रसरण पावते. दोन मीटरचा पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ७ मिलिमीटर लांबतो. या हालचालींसाठी राखलेली जागा वाकड्या जोडणीनेच खाल्ली, तर गाडी तापल्यावर रबर तुटते, नाहीतर वेल्डिंग उकलते. जाळीचा पाइप वाकणे आणि थोडे लांबणे-आखडणे सोसतो. पीळ मात्र त्याला सोसत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. गाडी थंड असताना सगळे भाग रबरांवर टांगावेत, नवी पॅकिंग घालावी, नट हाताने फिरतील तेवढेच लावावेत. मग रबरे सरळ लोंबतात का, पाइप ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची टाकी, मागचा ॲक्सल आणि बॉडीपासून मोकळा आहे का, हे पाहावे. दोन खांबांच्या लिफ्टवर चाके खाली लोंबतात, त्यामुळे ॲक्सलजवळचे अंतर फसवे दिसते; ते चाकांवर वजन असताना तपासलेले बरे. सगळे जुळल्यावर इंजिनाकडून मागे जात आवळावे, फ्लॅंजचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे. इंजिन तापवून, थंड होऊ देऊन सांधे पुन्हा तपासावेत.

एवढा वेळ कोण घालवणार, आणि आवाज तर थांबला ना, असे गॅरेजवाला म्हणेल. त्याची घाई समजण्यासारखी आहे. गिऱ्हाईक दाराशी उभे असते. पण सूक्ष्म गळतीचा आवाज येईलच असे नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सांधा गळत असेल, तर धुराच्या दोन धक्क्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि संगणक नसलेली उणीव भरायला जादा इंधन सोडतो. मायलेज घटते आणि संशय भलत्याच भागावर जातो. शिवाय गळक्या सांध्यातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. मागच्या सीटवर झोपलेल्या मुलाच्या जिवाचा प्रश्न असताना वाचवलेल्या वेळाचा हिशेब मांडता येत नाही.

उरतो एक रास्त आक्षेप: बाजारातला पाइप मुळात मापात नसतो, मग जुळवायचे कसे? अशा वेळी पाइप ओढून बसवण्याऐवजी तो टांगलेल्या स्थितीतच योग्य जागी कापावा, बॅटरीची तार सोडवून दोन-तीन ठिकाणी नुसता टाचावा आणि खाली काढून पूर्ण वेल्ड करावा. जुन्या गाडीचे हँगर ब्रॅकेट वाकलेले असेल, तर ब्रॅकेट सरळ करावे, पाइप वाकवू नये.