पुढे आलेली हनुवटी : उपाय कोणते आणि कधी?

वर्गात मुलाला हनुवटीवरून चिडवलं की पालक विचारतात, "ऑपरेशनने कमी होते का?" होते, पण घाई नको.

आधी दात बघा. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील तर दोष जबड्याचा असू शकतो. अशा मुलाला ७-८ व्या वर्षीच ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा; वाढत्या वयात काही उपचार सोपे जातात.

शस्त्रक्रियेत तोंडाच्या आतून हनुवटीचं हाड तासतात किंवा कापून मागे सरकवतात. ती वाढ थांबल्यावरच, साधारण १८ नंतर. खालचा ओठ बधिर राहण्याचा धोका असतो. बोटॉक्सने फक्त स्नायू सैल होतो, तोही काही महिने. फिलरने भर पडते. हाड दोन्हींनी कमी होत नाही.

चिडवणं मात्र आजच थांबवता येतं. ते काम डॉक्टरांचं नाही, आपलं आहे.