ख्रिस्ताचे याजकत्व

मानव आणि परमेश्वर यांच्यातील मध्यस्थ या नात्याने येशू ख्रिस्ताने केलेल्या कार्यासंबंधीची ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक महत्त्वाची संकल्पना. ‘नव्या करारा’तील इब्री लोकांस पत्रात तिचे सविस्तर विवेचन आढळते. या पत्राचा कर्ता अज्ञात आहे. निंदा, छळ व मालमत्तेची लूट सोसून थकलेले, श्रद्धा सोडण्याच्या बेतात आलेले ख्रिस्ती लोक त्याच्यासमोर होते. त्यामुळे हे विवेचन केवळ तात्त्विक न राहता त्यास धीर देणाऱ्या उपदेशाचे रूप आले आहे.

प्राचीन इस्राएलमध्ये याजकपद लेवी वंशातील अहरोनाच्या कुळाकडे असे. बारा वंशांची नावे कोरलेली बारा रत्ने प्रमुख याजक आपल्या उरावर धारण करी आणि वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, बलीचे रक्त घेऊन परमपवित्र स्थानात प्रवेश करी. मात्र तो स्वतः पापी असल्याने त्यास आधी स्वतःसाठी अर्पण करावे लागे. येशू हा यहूदा वंशातील. म्हणून पत्रकर्त्याने ११० व्या स्तोत्राच्या आधारे त्याचे याजकत्व मलकीसदेक या प्राचीन राजा-याजकाच्या परंपरेतील ठरविले. येथे याजक व बली एकच असून अर्पण एकदाच झालेले, मध्यस्थी मात्र अखंड चालणारी आहे.

या याजकाची करुणा हा संकल्पनेचा गाभा होय. ख्रिस्ताने मानवी दुःख भोगले, अश्रू ढाळून प्रार्थना केली, मोहांना तोंड दिले. पण तो निष्पाप राहिला. निष्पापास पाप्याची व्यथा कशी कळावी, असा आक्षेप यावर घेता येतो. मोहाला लवकर शरण जाणाऱ्यास त्याचा पूर्ण जोर कधी कळतच नाही, अखेरपर्यंत झुंजणाऱ्यासच तो कळतो, असे त्याचे उत्तर भाष्यकार देतात. यामुळे भाविकाचा धीर स्वतःच्या शुद्धतेवर अवलंबून राहत नाही; दुर्बल असतानाच त्याने निर्भयपणे कृपेच्या राजासनाजवळ यावे, असे पत्रकर्ता सांगतो. रोमन कॅथलिक पंथ या याजकत्वाचा संबंध मिस्साविधीशी व दीक्षित धर्मगुरूंशी जोडतो. मार्टिन ल्यूथरने मात्र १५२० मध्ये सर्वच श्रद्धावंत याजक असल्याचे प्रतिपादन केले.

मराठी बायबलमध्ये ‘याजक’ हा शब्द योजिलेला आहे. मराठी वाचकास त्यातून यज्ञकर्माचा बोध सहज होतो, करुणेचा तितकासा होत नाही. ही उणीव रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या काव्याने भरून काढली. १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या टिळकांनी वारकरी संतांची अभंगरचना आत्मसात करून ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणून आळविले. या संबोधनात बलिदानाची बाजू काहीशी मागे पडते; तथापि आपल्या दुःखाची जाणीव असलेला मध्यस्थ ही कल्पना त्यामुळे मराठी ख्रिस्ती समाजाच्या अंतःकरणास भिडली. टिळकांची अनेक गीते मराठी चर्चमधील उपासनेत आजही गायिली जातात.