पहिल्याच पानावरचा खुनी

बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट बघताना मी सेइचो मात्सुमोतोची एक कादंबरी दुसऱ्यांदा संपवली. मूळ जपानी पुस्तक १९५८ चे. अलीकडे इंग्रजीत ते 'टोकियो एक्सप्रेस' या नावाने निघाले. समुद्रकिनारी एका जोडप्याची प्रेते सापडतात. प्रेमातून केलेली आत्महत्या, असे म्हणून सारे मोकळे होतात. एक वयस्कर पोलीस तेवढा पुरुषाच्या खिशातल्या डायनिंग कारच्या पावतीपाशी अडतो. पावती एकाच माणसाच्या जेवणाची आहे! जोडीने मरायला निघालेल्यांपैकी एकानेच जेवावे, हे कसे? सारा जन्म व्हाउचरे तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला त्या पावतीने जो आनंद दिला, तो कुठल्याही पिस्तुलाने दिला नव्हता.

पुढचे सगळे रहस्य रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. टोकियो स्थानकात एका फलाटावरून पलीकडची गाडी दिसायची, तर मधले रूळ मोकळे हवेत, आणि संध्याकाळी ते मोकळे असतात फक्त चार मिनिटे. अकोल्याचे माझे स्नेही निवृत्त गणितशिक्षक आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. "भाऊ, आपल्या इकडे असा खून करायचा म्हटला तं खुन्यालेच दोन घंटे बाकड्यावर बसा लागीन!"

आमची पिढी वाचायला शिकली ती रहस्यकथांवर, हे कबूल करायला आता हरकत नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, पुढे सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद. दिवसाच्या भाड्याने आणायचे आणि भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचे. बहुतेक प्रतींची शेवटची पाने गळालेली असत, त्यामुळे कितीतरी खुनी माझ्यापुरते अजून फरारच आहेत. पण प्रश्न एकच असे : कोणी केले? तो कळला की पुस्तक परत.

म्हणूनच केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'वरून आमच्या मंडळींत भांडण लागले. नाओकी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. त्रास द्यायला आलेल्या माजी नवऱ्याचा एका बाईच्या हातून खून होतो, आणि शेजारचा एकलकोंडा गणितशिक्षक तो झाकायला पुढे सरसावतो. हे सगळे सुरुवातीलाच, आपल्या डोळ्यांदेखत. माझे स्नेही चिडले. "खुनी पहिल्यांदाच सांगून टाकला, आता वाचू काय?" शिवाय इशिगामी, युकावा, कुसानागी ही नावे त्यांच्या डोक्यात राहीनात, ती त्यांनी एका कोऱ्या विड्रॉल स्लिपवर लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती.

अमरावतीच्या आमच्या वहिनींचे मत अगदी उलटे. त्यांनी आधी २०२३ साली आलेला, त्याच कादंबरीवरचा 'जाने जान' हा हिंदी चित्रपट मोबाइलवर पाहिला आणि मग पुस्तक मागून नेले. म्हणाल्या, "भाऊजी, रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते. पोलीस दारात आले की माझंच काळीज लटलट कापे. ते सापडू नयेत असंच वाटत होतं. हे पाप म्हणायचं का?" स्नेह्यांचे उत्तर होते, हो, पापच. खुन्याची कणव यायला लावणारे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये. मी त्या दिवशी गप्प बसलो. त्याचे कारण आता सांगतो.

१९९१ चा कापसाचा हंगाम. चुकाऱ्यांसाठी काउंटरवर झुंबड, आणि मी एका लहान शाखेत अधिकारी. एका म्हातारीच्या बरेच दिवस न हललेल्या खात्यातून चार हजार रुपये गेले होते. स्लिपवरची सही नमुना कार्डाशी हुबेहूब जुळत होती. तिथेच मला संशय आला. म्हातारीचा हात तर थरथरायला लागला होता. दहा वर्षांपूर्वीची ठणठणीत सही ती आता करील कशी? दोन दिवसांत मी कॅशिअरपर्यंत पोचलो. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पुढे मी तो प्रसंग एका कादंबरीत घातलाही, आणि नायक अर्थातच एक चाणाक्ष बँक अधिकारी केला.

कादंबरीत जे घातले नाही ते असे. निलंबनाचा कागद घ्यायला कॅशिअर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, पाच मिन्टं बसू का?" मी वर न बघता म्हणालो, "जे सांगायचं ते लेखी द्या." त्याने काहीच लिहून दिले नाही. चार हजार त्याला कशासाठी हवे होते, हे मला आजही माहीत नाही. मला उत्तर सापडले होते ना; मग पुस्तक परत!

हिगाशिनो काय किंवा मात्सुमोतो काय, चातुर्यात हे लोक अर्नाळकरांपेक्षा मोठे की नाहीत, हा वाद मी घालणार नाही. आमच्या झुंजारची ऐट त्यांच्या डिटेक्टिव्हांत नाही, हे खरेच. पण गुन्हा करणाऱ्याला पाच मिनिटे समोर बसवून घ्यायची त्यांना सवय आहे, आणि त्या मिनिटांत वाचकालाही उठून जाता येत नाही.

कॅशिअरचे गाव अकोटकडे होते. शिक्षकस्नेह्यांना म्हटले, एक दिवस जाऊन येऊ. ते म्हणाले, "आता कायले जाता? तो असंन का नसंन." मग जरा थांबून त्यांनी वहिनींकडचे पुस्तक पुन्हा मागितले, शेवट नीट वाचायचा आहे म्हणे. वहिनींनी अजून दिलेले नाही. आणि मीही अकोटला अजून गेलेलो नाही.